कट्टा कुणाकडे आहे?

१

"चिखल मी आणणार नाही! गेल्या वर्षी मीच आणला होता."

"मग तू काय आणणार, सुजित? नुसती अक्कल?"

"तीसुद्धा उसनी आणावी लागेल त्याला!"

हे बोलणं तोंडाने नाही, बोटांनी चाललं होतं. काळेवाडीतल्या आपल्या घरी नेहा लॅपटॉपवर टाइप करत होती आणि तिकडे आपापल्या घरून दिव्या आणि सुजित उत्तरं देत होते. दिवाळीची सुट्टी लागली होती. किल्ला करायचा होता. नेहाच्या घरी दिवाळीचं फारसं काही नसे, पण किल्ला म्हणजे किल्ला! आठवीतली नेहा दरवर्षी त्याची सरसेनापती. सहावीतला तिचा भाऊ संघर्ष म्हणजे घोडदळ. घोडा मात्र अजून मिळायचा होता.

नेहाकडे आज मोठी बातमी होती. शाळेच्या मागे कडुलिंबाखाली एक जुना कट्टा आहे. बसायला ऐसपैस, शेजारी तांबड्या मातीचा ढीग. किल्ल्यासाठी त्याहून चांगली जागा पंचक्रोशीत नाही! दरवर्षी पलीकडच्या गल्लीतला गणराज आपली टोळी घेऊन ती बळकावायचा. पण कट्टा होता धोंडीबा आजोबांचा, आणि त्यांनी सकाळीच नेहाला होकार दिला होता.

नेहाने टाइप केलं: 'कट्टा आपल्याला मिळाला! शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. कुणाला बोलू नका. गणराजला कळायच्या आत काम उरकायचं.'

"ताई," बिस्कीट चावत संघर्ष म्हणाला, "तो हिरवा दिवा का लागला?"

लॅपटॉपच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याशेजारी एक टाचणीएवढा दिवा लागला होता. नेहा बघेपर्यंत विझला.

"लागला असेल. सोबती असेल."

सोबती म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटासा हसरा डोळा. घरून ऑनलाइन चाचण्या देताना कुणी कॉपी करू नये म्हणून शाळेने तो प्रत्येकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाकायला लावला होता. टाकला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही! "सुट्टीतही काढायचा नाही," कॉम्प्युटरच्या रणजीत सरांनी पालकसभेत बजावलं होतं. "नियम सगळ्यांना सारखा. माझ्याही लॅपटॉपवर आहे. माझा अहवाल थेट मोठ्या बाईंच्या फोनवर जातो!"

पण आता तर चाचणी नव्हती. मग सोबती कशाला जागा होता?

(सोबती पाहतो: मुलगी एक. मुलगा एक, खातो आहे. अभ्यास दिसत नाही.)

२

त्या दिवशी बाबा शिफ्ट अर्धी टाकून घरी आले.

बाबांचं नाव धम्मरत्न. ते चाकणच्या एका कंपनीत होते आणि तापाने फणफणले तरी शिफ्ट सोडत नसत. ते दारात आले तेव्हा त्यांनी बूट काढले नाहीत. नेहाकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि थेट माळ्यावर हात घातला. जुनी पुस्तकं, पातेली, पंखा. सगळं खाली!

"काय शोधताय बाबा?"

"दप्तर आण तुझं."

दप्तर उलटं झालं. पेन, रबर, एक अर्धवट चिंच. मग गादी. मग पिठाचा डबासुद्धा!

"अहो, झालं काय?" आई स्वयंपाकघरातून धावत आली.

बाबांनी फोन पुढे केला. शाळेचा संदेश होता. संघर्षने तो मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. 'आपल्या पाल्याच्या लिखाणात धोकादायक मजकूर आढळला आहे. पाल्य: नेहा. प्रकार: शस्त्र. सोमवारी पालकांसह हजर राहावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास शाळेतून नाव कमी करण्यात येईल व प्रकरण पोलिसांकडे दिले जाईल.'

"शस्त्र?" नेहा हसलीच. "माझ्याकडे? बाबा, माझ्याकडे कर्कटकसुद्धा नाही, ते दिव्याकडे आहे!"

पण बाबा हसले नाहीत. "मी सरांना फोन केला होता. म्हटलं, काय लिहिलंय तिने ते तरी दाखवा. ते म्हणाले, पुरावा गोपनीय आहे. म्हणाले, वस्तू कुठे आहे ते तिला माहीत आहे. तिलाच विचारा." ते थांबले. "नेहा, कुणी काही ठेवायला दिलंय का तुझ्याकडे? खरं सांग. मी रागावणार नाही."

शाळेतून नाव जाणार, याची भीती तिला नंतर वाटली. आधी बोचलं ते वेगळंच. बाबांनी आधी माळा तपासला होता. विचारलं नंतर.

(सोबती पाहतो: पुरुष एक. सामान अस्ताव्यस्त. मुलगी रडते आहे. अभ्यास दिसत नाही.)

२ (पुन्हा. कारण नेहाला हे पटेचना)

चुगली कुणी केली?

नेहाने मनातल्या मनात हिशेब मांडला. शाळेला तिचं लिखाण कळलं. ते लिखाण दोघांनाच गेलं होतं. दिव्या आणि सुजित. दिव्या असं करणार नाही. म्हणजे...

कट्ट्यावर सुजित मातीचे गोळे करत बसला होता. नेहा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चिखल आणायला लावला म्हणून राग आला ना तुला?"

"आला की. मग?"

"म्हणून तू सरांना सांगितलंस? माझ्याकडे शस्त्र आहे म्हणून?"

सुजितच्या हातातला गोळा फुटला. "मी? नेहा, मी चुगली केली असं वाटतं तुला?"

"मग कुणी केली?"

"तूच सांग! दिव्याने केली असेल!"

"ए!" दिव्या उसळली. "काय बोलायलास रे? मी लातूरहून नवी नवी आले तेव्हा वर्गात हीच एकटी बोलायची माझ्याशी. मी करीन चुगली?"

तिघं तीन दिशांना तोंडं करून बसली. संघर्ष मधे उभा. आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून गणराज आला. हा नुसता दिसला तरी भांडण व्हायचंच! पण आज गणराजने नेहाला बघितलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो चक्क पळाला! त्याची आई मागून आली, तिने नेहाकडे एक नजर टाकली आणि मुलाला ओढत घरात नेऊन कडी लावली.

"हे काय?" सुजितला राग विसरून बोलावंच लागलं. "गणराज घाबरला? तुला?"

"माझा दाट संशय आहे," संघर्ष गंभीरपणे म्हणाला, "की ताई खरंच काहीतरी आहे."

"गप रे!"

पण दिव्या विचारात पडली होती. "थांबा. आपण एकमेकांवरच का संशय घ्यायलोत? तिथे चौथा पण कुणीतरी होता की."

"कोण?"

"तो डोळा."

३

दिव्याची कल्पना साधी होती. तिच्याही कॉम्प्युटरवर सोबती होता. तिने एक कोरं पान उघडलं. त्यावर नेहाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. पण कुणालाच पाठवायचं नाही!

"आणि धोक्याचा संदेश आला तर?" नेहा म्हणाली. "तुलाही बोलावतील. तुझंही नाव..."

"येऊ दे की."

"दिव्या, नको!"

दिव्याने टाइप केलं. 'कट्टा आपल्याला मिळाला! शाळेच्या...' हिरवा दिवा लागला. चौघं पडद्याकडे वाकली. पुढची ओळ पुरी होते न होते तोच शेजारच्या खोलीत दिव्याच्या आईचा फोन वाजला.

ट्यंग!

"दिव्याऽऽ!" आईचा आवाज आला. "शाळेतून काय आलंय हे? शस्त्र? अगं काय दिवे लावायलीस तू?"

दिव्याचा चेहरा उतरला होता, पण डोळे चमकत होते. "बघितलंत? पान कोरं होतं. कुणाला पाठवलं नव्हतं. तरी शाळेला कळलं! कुणी माणूस चुगलखोर न्हाई. हाच चुगलखोर हाय!"

नेहा सुजितकडे वळली. तिने दोन्ही कान पकडले.

"राहू दे," सुजित म्हणाला. "चिखल तू आणशील. मिटलं."

दिव्याच्या आईने लॅपटॉप उचलून कपाटात घातला आणि कुलूप लावलं. पण त्याआधी तिने कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. "काय भरोसा बाई याचा," ती पुटपुटली.

आता सोमवारी जायचं होतं दोघींना. सोबतीने पाहिलं होतं, हे खरं. पण त्या साध्या वाक्यात त्याला शस्त्र कुठे दिसलं? चौघांनी ते वाक्य उलटं वाचलं, सुलटं वाचलं. भिंत? भिंत काय शस्त्र असते? काम उरकायचं? ते तर आई दिवसातून दहादा म्हणते!

(सोबती पाहतो: अंधार.)

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही कट्ट्यावर तोंडं पाडून बसली होती. किल्ल्याचा एकच बुरूज झाला होता आणि तोही वाकडा. शेजारी धोंडीबा आजोबा चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. सगळ्या काळेवाडीत शेती होती तेव्हापासूनचे ते इथले. कट्टा त्यांच्या वडलांनी बांधलेला.

"आरं पोरांनो," ते एकदम म्हणाले, "पोलिसांकडं काय क्रेन-बिन आस्ती व्हय?"

"का हो आजोबा?"

"न्हाई, ह्यात छापलंय. भोसरीत पोलिसांनी दोन गावठी कट्टे जप्त केलं. आता कट्टा कसा जप्त करत्यात रं? उचलून न्यायचा म्हंजी खणावा लागंल! आन् गावठी म्हंजी? ह्यो बी गावठीच हाय की. माझ्या बानं बांधलाय. उद्या ह्योबी नेत्याल!"

सुजित खो खो हसत सुटला. "आजोबा! तो कट्टा वेगळा! गावठी कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल!"

"पिस्तूल? मंग पिस्तूल म्हणा की लेकाच्यांनो! आमच्या कट्ट्याला कशापायी बट्टा लावताय?"

सुजित हसत होता. संघर्षही हसत होता. नेहा मात्र हळूहळू उठून उभी राहिली.

"दिव्या, माझं वाक्य म्हण."

"कट्टा आपल्याला मिळाला..." दिव्या म्हणाली. आणि तिचा हात तोंडावर गेला.

"पुढे म्हण."

"शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. कुणाला बोलू नका. गणराजला कळायच्या आत..."

"काम उरकायचं!" संघर्ष किंचाळला. "ताई! तू गणराजचा खून करणार होतीस!"

"अरे देवा! शाळेने त्याच्या आईलाही कळवलं असणार. म्हणून पळाला तो!"

त्या मशीनला कुणीतरी शिकवलं होतं की कट्टा म्हणजे पिस्तूल. कट्ट्यावर बसतात, गप्पा मारतात, भेळ खातात, हे शिकवायला विसरले होते!

नेहाने तिथूनच आजोबांच्या फोनवरून रणजीत सरांना फोन लावला. "सर, कळलं! तो कट्टा म्हणजे बसायचा कट्टा! आमचा किल्ला..."

"नेहा," सरांचा आवाज थंड होता, "सबबी सोमवारी सांग. प्रणालीने कट्टा पकडला आहे आणि प्रणाली चुकत नाही."

"पण सर, तुम्ही माझं वाक्य स्वतः वाचलंत का?"

"मला अहवाल आला आहे. तो पुरे."

फोन बंद.

"वाचलंच नाही त्यांनी," नेहा पुटपुटली. "शाळेतून नाव काढायला निघालेत आणि एक ओळ वाचली नाही!"

५

हे प्रकरण इथे नाही.

ते कट्ट्याच्या मागे, कुजबुजत, कॉम्प्युटरपासून लांब घडलं. लिहून ठेवलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं. एवढंच सांगता येईल की त्यानंतर सुजित एकटाच गणराजच्या घराच्या मागच्या खिडकीशी गेला, खूप वेळ बोलत होता, आणि परत आला तेव्हा गणराज त्याच्याबरोबर होता. गणराजच्या डोळ्यात पाणी होतं. हसून हसून!

६

सोमवार. मोठ्या बाईंची खोली.

मुख्याध्यापिका विमलबाई टेबलामागे. त्यांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे. बाजूला रणजीत सर, पुढ्यात त्यांचा उघडा लॅपटॉप. समोर बाबा, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. त्यांच्याजवळ नेहा. मग दिव्या आणि तिची आई. बाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

दार किलकिलं झालं.

"सर, आत येऊ?" गणराज! नेहाने मान खाली घातली, नाहीतर हसू फुटलं असतं.

"गणराज? तू कशाला आलास इथे? सुरक्षित आहेस ना?"

"हो सर. सर, किल्ल्यांच्या स्पर्धेला परीक्षक तुम्हीच पाहिजेत असं सगळी मुलं म्हणतात. दुसरं कुणी नकोच म्हणतात! फक्त कुठे जमायचं ते तुम्ही ग्रुपवर टाका ना. तुमचा शब्द आला की सगळे ऐकतात."

सरांनी नेहाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, टाय सारखा केला. "बघा, अशी असतात गुणी मुलं. कुठे सोयीचं पडेल रे?"

"नेहमीच्याच जागी सर. शाळेच्या मागे. आणि शेवटी किल्ला उडवायचाय. तुम्ही म्हणाला होतात..."

"हो हो, आठवतंय." सर टाइप करू लागले. सवयीप्रमाणे मोठ्याने बोलत. "सर्वांनी... दुपारी... शाळेच्या मागे... कट्ट्यापाशी जमावे. कट्टा मी पाहिलेला आहे. किल्ला उडवायला... सुतळी बॉम्ब... मी घेऊन येतो."

त्यांच्या लॅपटॉपवर टाचणीएवढा हिरवा दिवा लागला.

दिव्याने नेहाचा हात घट्ट धरला.

ट्यंग!

मोठ्या बाईंनी कानाचा फोन खाली घेतला. पडद्याकडे बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

"रणजीत सर," त्या सावकाश म्हणाल्या, "हे काय आहे?"

"काय बाई?"

"धोकादायक मजकूर आढळला आहे. व्यक्ती: रणजीत सर. प्रकार: शस्त्र आणि स्फोटके. लक्ष्य: किल्ला. ठिकाण: शाळेची मागची बाजू."

दिव्याच्या आईने पदर तोंडाला लावला.

"मी? अहो बाई... मी तर... ते कट्टा म्हणजे..." सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

नेहा अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, वस्तू कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. सांगून टाका."

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांच्या मिशा हलल्या.

"बाई, हा काहीतरी घोटाळा आहे!" सर घाम पुसत म्हणाले. "मी लिहिलेलं मूळ वाक्य वाचा ना! तिथे खाली बटण आहे, 'मूळ मजकूर पाहा' म्हणून!"

"असं बटण आहे?" बाईंनी विचारलं. "मग नेहाच्या वेळी तुम्ही ते दाबलं होतं?"

सर टाय सैल करू लागले.

"दाबा आता."

सरांनी दाबलं. बाईंनी नेहाचं वाक्य वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. 'गणराजला कळायच्या आत काम उरकायचं'ला त्यांनी गणराजकडे बघितलं.

"त्याचा अर्थ किल्ला, बाई," गणराज म्हणाला. "माझ्याआधी कट्ट्यावर किल्ला करायचा होता त्यांना. दरवर्षी ती जागा मी ढापतो."

दाराबाहेरून सुजित आणि संघर्षची खुसखुस ऐकू आली. "या आत!" बाई म्हणाल्या. "बाहेर कान लावून उभे राहायला तुम्ही काय सोबती आहात?"

मग सगळं बाहेर आलं. कोरं पान, हिरवा दिवा, आजोबांचं वर्तमानपत्र. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचं हसू कमी कमी होत गेलं.

"दिव्या, ते पान तू कुणालाच पाठवलं नव्हतंस?"

"न्हाई बाई. नुसतं लिहिलं."

"सुट्टीत? स्वतःच्या घरी?"

"हो. आणि तो खोलीपण बघतो बाई. आईने टिकली लावलीय त्याच्या डोळ्याला."

"मी याला चाचणीपुरती परवानगी दिली होती, सर. चाचणीपुरती." बाईंचा आवाज मोठा नव्हता, पण रणजीत सर आणखी लहान दिसू लागले. "मुलांच्या घरात डोकवायची कुणालाच नाही. आजच्या आज प्रत्येक मुलाच्या कॉम्प्युटरवरून हे काढलं जाईल. तुम्ही स्वतः घरोघरी जाऊन काढाल. आणि प्रत्येक घरी सांगाल, का काढताय ते."

त्या नेहाच्या बाबांकडे वळल्या. "चूक आमची. तुमच्या मुलीने आम्हाला एक ओळ वाचायला शिकवली. अशी मुलगी आमच्या शाळेत आहे याचा मला अभिमान वाटतो. आणि दिव्या, मैत्रिणीसाठी स्वतःला अडकवून घेतलंस. शाबास!"

"आणि मी?" गणराज म्हणाला. "मी माझ्या खुन्याला मदत केली!"

शाळेच्या पायऱ्यांवर बाबा थांबले. "नेहा, मी आधी विचारायला हवं होतं. माळा नंतर."

"पिठाचा डबा तर तपासायलाच नको होता," ती म्हणाली. "आईने अजून माफ केलेलं नाही."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

७

दुपारी शाळेच्या मागे गर्दी झाली. यंदा किल्ला एकच होता, दोन गल्ल्यांचा मिळून. चिखल नेहाने आणला, पाटीभर, डोक्यावरून! वाकडा बुरूज गणराजने सरळ केला आणि नवा स्वतः वाकडा केला. रणजीत सर बॉम्ब घेऊन आले नाहीत. ते बाईंच्या खोलीतून निघाल्यापासून घरं फिरत होते.

मोठ्या बाई आल्या. किल्ला बघितला, तोफा बघितल्या. मग कडुलिंबाखाली वर्तमानपत्र वाचणाऱ्या धोंडीबा आजोबांना विचारलं, "हाच का तो गावठी कट्टा?"

आजोबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "व्हय. का? जप्त कराया आलाय जनू?"

"नाही आजोबा. बसायला."

आजोबा सरकले. बाई बसल्या.

संध्याकाळी नेहाने लॅपटॉप उघडला. कोपऱ्यातला हसरा डोळा गेला होता. तिने कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कट्टा आमचाच आहे!' आणि ती वाट बघत बसली.

दिवा लागला नाही. आईचा फोन वाजला नाही.

तरीही तिने दिव्याच्या आईकडून एक टिकली मागून आणली होती. तिने ती कॅमेऱ्यावर नीट चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि मगच पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

(                    )